एलईडीच्या पुढचा उजेड

गोव्यात पेटणाऱ्या दिव्याची वीज बहुतांशी गोव्यात तयार होत नाही. छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून ती ग्रीडच्या तारांवरून येते आणि राज्याचे वीज खाते ती घरोघरी पोहोचवते. या प्रवासाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. कोळशातील उष्णतेचे १०० भाग धरले, तर औष्णिक केंद्रात त्यांतील सुमारे ३५ भागांचीच वीज होते. काही भाग तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापवण्यात जातात. उरलेले ३० च्या घरातील भाग फोंड्यातील किंवा पेडण्यातील एखाद्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बपर्यंत पोहोचले, तर तो त्यांतील जेमतेम पाच टक्के ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. म्हणजे शंभर भाग कोळशातून दीड भाग उजेड निघाला आणि बाकी सारी उष्णताच झाली. त्याच होल्डरमध्ये आजचा साधा एलईडी बल्ब लावला, तर हा आकडा दहाच्या आसपास जातो. साध्या घरगुती वस्तूच्या कार्यक्षमतेत एका पिढीच्या काळात सहा-सात पट फरक पडल्याची उदाहरणे फार नाहीत.

मात्र ही झेप आता घेऊन झाली आहे. पुढे काय होणार, हे समजून घ्यायचे तर एलईडीच्या आत नेमके काय घडते, त्यात आजही ऊर्जा कुठे वाया जाते आणि बाजारात मिळणारा बल्ब प्रयोगशाळेतल्या बल्बपेक्षा इतका मागे का आहे, हे पाहावे लागते.

तापवून मिळणारा उजेड

पिवळ्या बल्बची अडचण कारागिरीची नव्हती, तर निसर्गनियमाची होती. कोणतीही वस्तू तापवली की ती किरणे बाहेर टाकते आणि ती किती तापली आहे यावर त्या किरणांतला दृश्य प्रकाशाचा वाटा ठरतो. बल्बमधील टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. या तापमानाला बहुतेक किरणे अवरक्त असतात, म्हणजे ती त्वचेला जाणवतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांवर आहे, म्हणून त्याच्या किरणांत दृश्य प्रकाश भरपूर असतो. टंगस्टन मात्र ३,४२२ अंशांना वितळतो, त्यामुळे सूर्याची बरोबरी करण्याचा मार्गच बंद होता. तार थोडी अधिक तापवली तर उजेड वाढतो, पण तार लवकर तुटते. हॅलोजन दिव्याने या ओढाताणीत थोडी सवलत मिळवली, एवढेच. १९२४ मध्ये जगातील मोठ्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात ‘फिबस’ नावाचा गट स्थापन करून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले, ही गोष्ट कटकारस्थान म्हणून नेहमी सांगितली जाते. त्यात धंद्याचा स्वार्थ होताच. परंतु जास्त टिकणारा तारेचा बल्ब तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, हा त्या कथेचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही.

ट्यूबलाइटने तापवण्याचा मार्गच सोडला. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरणे निघतात, आणि नळीच्या आतला पांढरा लेप ती शोषून दृश्य प्रकाश देतो. सीएफएल म्हणजे हीच नळी वळवून, चोक बुडाशी बसवून केलेला बल्ब. दोन्हींनी वीज वाचवली, पण पारा मागे ठेवला. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये फ्लूरोसंट दिव्यांची निर्मिती आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले, त्यामुळे या दिव्यांचे भवितव्य वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. जुनी ट्यूब घरात फुटलीच, तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे आणि तुकडे केरसुणीने न झाडता जाड कागदाने गोळा करावेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

निळ्या रंगासाठी तीस वर्षे

एलईडी म्हणजे अर्धवाहकाचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असू शकणारा स्फटिक. त्याच्या एका थरात इलेक्ट्रॉन जास्त असतात आणि दुसऱ्या थरात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा असतात. वीज दिली की इलेक्ट्रॉन या रिकाम्या जागांत उतरतात आणि उतरताना गमावलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. देवळाच्या तळीच्या पायऱ्या जशा सारख्या उंचीच्या असतात, तशी एका पदार्थातील ही उतरण जवळजवळ ठरलेल्या उंचीची असते, म्हणून त्यातून निघणारा प्रकाशही जवळजवळ एकाच रंगाचा असतो. उतरण लहान असेल तर लाल, मोठी असेल तर निळा. तापवण्याचा संबंध नसल्यामुळे अदृश्य किरणांवर ऊर्जा उधळण्याचा प्रश्न इथे येत नाही.

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला आणि त्यानंतर लाल, पिवळे, हिरवट ठिपके रेडिओवर, घड्याळांत, कॅल्क्युलेटरवर दिसू लागले. घर उजळायला मात्र पांढरा प्रकाश हवा, आणि त्यासाठी निळा हवा. मोठ्या उतरणीचा गॅलियम नायट्राइड हा पदार्थ शास्त्रज्ञांना माहीत होता, पण त्याचा निर्दोष स्फटिक वाढवता येत नव्हता, कारण ज्या नीलमण्याच्या चकतीवर तो वाढवायचा तिची अणुरचना आणि याची अणुरचना जुळत नव्हती. जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८० च्या दशकात या दोहोंच्या मध्ये अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर घालून हा अडथळा ओलांडला. निचिया या तुलनेने लहान कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी स्वतःच्या पद्धतीने तोच प्रश्न सोडवला आणि १९९३ मध्ये झळझळीत निळा एलईडी जगासमोर आला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या घरातील पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर, म्हणजे त्या लहानशा स्फटिकावर, पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला असतो. तो निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश देतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. बंद असलेल्या बॅटनचे किंवा फ्लडलाइटचे झाकण काढून पाहिल्यास आत पिवळे चौकोन दिसतात, ते या लेपाचेच.

या रचनेतच तिचा तोटाही आहे. निळ्या कणापेक्षा पिवळ्या कणात ऊर्जा कमी असते, आणि मधला फरक फॉस्फरमध्ये उष्णता होऊन मुरतो. शोषलेल्या प्रत्येक निळ्या कणामागे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक असा जातो. तो टाळायचा तर लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी थेट मिसळून पांढरा करावा लागेल. पण निळा आणि लाल उत्तम कार्यक्षमतेचे मिळत असताना हिरवा मात्र अजून बराच मागे आहे. या विषयातील संशोधक या उणिवेला ‘हिरवी दरी’ म्हणतात आणि उद्याच्या दिव्यावरील संशोधनाचा मोठा भाग तिच्याभोवती फिरतो. दुसरी उणीव अशी की चिपमधून जास्त प्रवाह सोडला की तिची कार्यक्षमता घसरते. म्हणून चार चिपांकडून कसून काम करून घेण्यापेक्षा बारा चिपांना हळू चालवणे विजेच्या दृष्टीने फायद्याचे असते, पण बारा चिपांची किंमत बल्बवर चढते.

किती उजेड, किती वीज

बल्बची शक्ती वॉटमध्ये सांगण्याची सवय आपल्याला पिवळ्या बल्बने लावली. वॉट म्हणजे खाल्लेली वीज. मिळालेला उजेड लुमेनमध्ये मोजतात. साठ वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० लुमेन देत असे, म्हणजे वॉटमागे बारा. नऊ वॉटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० लुमेन देतो, म्हणजे वॉटमागे शंभराच्या आसपास. पांढऱ्या प्रकाशाला, रंग नीट दिसायला हवे असतील तर, वॉटमागे ३०० ते ३५० लुमेनच्या पलीकडे फारसे जाता येत नाही, कारण ती मर्यादा मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेनेच घातलेली आहे.

आता एक विचित्र गोष्ट. अमेरिकेतील क्री या कंपनीने २०१४ मध्येच प्रयोगशाळेत एका पांढऱ्या एलईडीतून वॉटमागे ३०३ लुमेन मिळवले होते. मग त्यानंतर इतक्या वर्षांनी म्हापशाच्या बाजारात मिळणारा बल्ब शंभरावर का अडकला आहे? प्रयोगशाळेतील चिप थंड असते, तिच्यातून प्रवाह बेताचा सोडलेला असतो, वीजपुरवठ्याचा तोटा त्या आकड्यात धरलेला नसतो आणि वर प्लास्टिकचे दुधी झाकणही नसते. खरा बल्ब या चारही ठिकाणी थोडे थोडे गमावतो. तरीही दुप्पट चांगला बल्ब बनवता येतो. दुबई नगरपालिकेसाठी फिलिप्सने २०१६ मध्ये केलेला बल्ब वॉटमागे २०० लुमेन देतो, म्हणजे साठ वॉटच्या पिवळ्या बल्बची जागा अवघ्या तीन वॉटमध्ये घेतो. त्यात जास्त चिपा वापरून त्या हळू चालवल्या आहेत. युरोपीय संघात सर्वोच्च ‘ए’ श्रेणी मिळण्यासाठी वॉटमागे २१० लुमेनची अट आहे, आणि ती पूर्ण करणारे चार वॉटचे घरगुती बल्ब तिथे विक्रीस आहेत.

आपल्याकडे हे बल्ब सर्रास का दिसत नाहीत, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. रोज पाच तास पेटणारा साठ वॉटचा बल्ब वर्षाला सुमारे ११० युनिट खातो आणि नऊ वॉटचा साडेसोळा. युनिटला चार रुपये धरले, तर या एका बदलाने वर्षाला पावणेचारशे रुपये वाचले. आता नऊ वॉटच्या जागी चार वॉटचा बल्ब आणला, तर वर्षाला नऊ युनिट, म्हणजे छत्तीस रुपये वाचतील. कार्यक्षमता पुन्हा दुप्पट झाली, पण बचत दहाव्या हिश्शावर आली. छतावरचा ७५ वॉटचा पंखा बदलून सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा घेतला आणि तो रोज दहा तास फिरला, तर वर्षाला दीडशेहून अधिक युनिट वाचतात. गोव्याच्या दमट हवेत पंखा दहा तासांवर थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको. वीजबिलाकडे पाहून निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने चांगल्या एलईडीहून अधिक चांगल्या एलईडीकडे धावण्याआधी पंख्याकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही स्थिती येण्यामागे सरकारी खरेदीचाही मोठा हात आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बची एकगठ्ठा निविदा काढली. २०१४ मध्ये खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशभरात या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. किंमत इतकी पडल्यावर एलईडी हा श्रीमंतांचा दिवा राहिला नाही. मात्र किंमत पडल्याचा परिणाम बल्बच्या आतल्या एका भागावरही झाला.

चिप टिकते, ड्रायव्हर जातो

बल्बच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज पाच तास धरले, तर ही साडेतेरा वर्षे झाली. वॉरंटी मात्र एक किंवा दोन वर्षांची असते, आणि अनुभव बहुतेकांचा वॉरंटीच्या जवळ जाणारा आहे. कारण खोक्यावरचा आकडा साधारणपणे चिपचा असतो: चिपचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ म्हणजे तिचे आयुष्य, असे मानले जाते. पण बल्ब बंद पडतो तो बहुधा ड्रायव्हरमुळे.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, एलईडीला चालत नाही. तिला कमी दाबाचा, एका दिशेने वाहणारा, मोजका प्रवाह लागतो. तो करून देणारे लहानसे परिपथ बल्बच्या बुडाशी असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरमधला सर्वांत नाजूक घटक म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा या व्यवसायातील ठोकताळा आहे. एलईडी प्रकाशातून उष्णता फेकत नाही, पण त्याची स्वतःची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडावी लागते. त्यासाठी पूर्वीच्या बल्बना अॅल्युमिनियमचे जड, पाकळ्यांचे बूड असे. किमती उतरल्या तसे ते बूड पातळ झाले आणि पुढे बरेचसे प्लास्टिकचे झाले. असा बल्ब फाटकावरच्या बंद काचेच्या हंडीत लावला, की आतली गरम हवा बाहेर जात नाही आणि कपॅसिटर आपली वर्षे महिन्यांत संपवतो. गोव्यात एप्रिल-मेमध्ये कौलांखालच्या माळ्यावरही थोडीफार हीच अवस्था असते.

किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक शत्रू असतो. खाऱ्या, ओल्या हवेत होल्डरच्या पितळी पिना काळवंडतात, तिथे ठिणगी पडू लागते आणि दर ठिणगीगणिक ड्रायव्हरला धक्का बसतो. कित्येकदा बल्ब दोषी नसतो, होल्डर दोषी असतो. एकाच जागी बल्ब वारंवार जात असतील, तर वायरमनकडून आधी होल्डर बदलून घ्यावा. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी होणाऱ्या गडगडाटात विजेच्या तारांवर क्षणभर हजारो व्होल्टची लाट येते, तीही ड्रायव्हरच पकडतो. चांगल्या पथदिव्यांत अशी १० किलोव्होल्टपर्यंतची लाट सोसणारे संरक्षण असते. स्वस्त घरगुती बल्बमध्ये ते नावापुरते असते किंवा अजिबात नसते. अतिस्वस्त बल्बमध्ये तर ड्रायव्हर वेगळा नसतोच: दोन-तीन घटक चिपांच्याच पाटीवर बसवलेले असतात, त्यांना ‘डीओबी’ म्हणतात. या रचनेत दाब कमी-जास्त झाला की उजेड हलतो, आणि दाब बराच वाढला की बल्ब संपतो.

ड्रायव्हरचा दर्जा ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बकडे धरावा. पडद्यावर उजेड धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत आहे. डोळ्यांना हे थेट दिसत नाही, पण काहींचे डोळे आणि डोके त्याने दुखते, म्हणून मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर असा दिवा नको. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, तेही पाहून घ्यावेत. तारे वॉटमागे किती लुमेन मिळतात ते सांगतात. टिकाऊपणाविषयी ते काही सांगत नाहीत.

बटण बंद केल्यावरही काही एलईडी रात्री अंधुक मिणमिणत राहतात आणि त्यावरून घरात नाना तर्क होतात. बटणातच लहान लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह बल्बला पुरतो. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असले, तरी असेच होते. पहिली बाब निरुपद्रवी आहे. दुसरी धोक्याची आहे, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. गोव्यात पावसाळ्यातील वीजखंडामुळे लोकप्रिय झालेला ‘इन्व्हर्टर बल्ब’ हातात धरला की पेटतो, तो प्रकारही याच जातीचा आहे. त्याच्या दोन पिनांमध्ये एखादा वाहक मार्ग जोडला गेला की आतली बॅटरी ‘बटण चालू आहे, वीज गेली आहे’ असे समजते, आणि ओलसर बोटांची त्वचा तेवढा मार्ग पुरवते.

मासळी ताजी आहे की दिवा लबाड आहे

पांढऱ्या प्रकाशालाही छटा असतात. खोक्यावरील २,७०० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४,००० म्हणजे तटस्थ आणि ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. निळसर बल्ब तेवढ्याच वॉटमध्ये थोडा अधिक लख्ख भासतो, म्हणून आपल्याकडे तोच अधिक खपतो. पण डोळ्यांच्या मागील पडद्यावर अशा पेशी आहेत, ज्या निळ्या प्रकाशाने सर्वाधिक उद्दीपित होतात आणि शरीराच्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात. निजायच्या खोलीत ६,५०० केल्विनचा बल्ब लावणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

रंग किती खरे दिसतात, हे सांगणारा आकडा वेगळा: सीआरआय, १०० पैकी. बहुतेक बल्ब ८० वर असतात. हा आकडा आठ फिकट नमुना-रंगांची सरासरी आहे आणि गडद लाल रंग त्यात मोजलाच जात नाही. त्यासाठी ‘आर ९’ नावाचे वेगळे माप आहे, जे खोक्यावर क्वचितच छापतात. निळ्या चिपवर पिवळा लेप या रचनेत लाल नेमका कमी पडतो. त्याचा परिणाम मडगावच्या किंवा पणजीच्या मासळी बाजारात संध्याकाळी पाहावा. बांगड्याचे कल्ले लालभडक आहेत की तपकिरी पडले आहेत, यावरून ताजेपणा ठरतो, आणि तो लाल स्वस्त एलईडीखाली निस्तेज दिसतो. याउलट मुद्दाम लालसर छटेचा दिवा लावला, तर शिळी मासळीही खुलते. कल्ले दिवसाच्या उजेडात पाहणे अजूनही सर्वांत खात्रीचे. लालाची ही उणीव भरून काढणारे, अरुंद पट्ट्यातच लाल प्रकाश देणारे फॉस्फर आता वापरात आले आहेत, आणि ९० च्या पुढे सीआरआय असलेले बल्ब त्यामुळे फारशी वीज न गमावता बनू लागले आहेत. माझ्या मते नजीकच्या काळातील खरी प्रगती इथे दिसेल, कारण इथे सुधारणेला वाव आहे आणि ती डोळ्यांना जाणवणारी आहे.

प्रयोगशाळांत काय शिजते आहे

ओएलईडी म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून मिळणारा प्रकाश. मोबाईल आणि टीव्हीच्या पडद्यांत तो स्थिरावला आहे. छतभर पसरलेला, सावली न पाडणारा सौम्य उजेड ही त्याची देणगी आहे, परंतु किंमत आणि ओलाव्याचे वावडे यांमुळे घरगुती दिव्यांत तो शिरू शकला नाही. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे एलईडी द्रावणातून, जवळजवळ छपाईच्या पद्धतीने बनवता येतात, आणि हिरवी दरी भरण्याची त्यांच्याकडून आशा आहे. पण चांगल्या नमुन्यांत शिसे असते आणि ते साध्या एलईडीच्या मानाने फार लवकर कोमेजतात. लेसरवर चालणारा पांढरा प्रकाश महागड्या मोटारींच्या हेडलाइटमध्ये आला आहे. २०१६ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी तारेच्या बल्बभोवती अवरक्त किरणे परत तारेकडे वळवणारा पडदा बसवून त्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या वर नेऊन दाखवली. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘एडिसनचा बल्ब परत येणार’ अशा बातम्या दिल्या. तो परत आलेला नाही, आणि येण्याचे कारणही दिसत नाही.

दिव्याच्या लुकलुकण्यातून माहिती पाठवणारे लाय-फाय तंत्र २०११ मध्ये हॅराल्ड हास यांच्या प्रात्यक्षिकामुळे प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. रुग्णालये, विमाने अशा ठिकाणी त्याचा उपयोग होईल. घरातील वाय-फाय त्याने हटेल असे वाटत नाही, कारण प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही.

मोबाईलवरून चालणाऱ्या ‘स्मार्ट’ बल्बविषयी एक आकडेमोड कोणी सांगत नाही. असा बल्ब बंद असतानाही हुकमाची वाट पाहत ०.४ वॉटच्या आसपास वीज घेत राहतो. चोवीस तास, वर्षभर धरले तर साडेतीन युनिट झाले. नऊ वॉटचा साधा बल्ब रोज तासभर जाळला, तर वर्षाला ३.३ युनिट लागतात. देवघरातल्या किंवा बाथरूममधल्या कमी वापराच्या दिव्याला स्मार्ट करणे म्हणजे उजेडापेक्षा वाट पाहण्यावर जास्त वीज घालवणे.

यापेक्षा आशादायक बदल कमी झगमगाटाचा आहे. छतावरील सौर पॅनल डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज देते, बॅटरी डीसी साठवते आणि एलईडी डीसीवरच चालतो. तरीही आपण मध्ये डीसीचे एसी आणि पुन्हा एसीचे डीसी करतो, आणि प्रत्येक रूपांतरात काही टक्के गमावतो. आयआयटी मद्रासने घरात ४८ व्होल्ट डीसीची वेगळी तार फिरवून दिवे आणि पंखे थेट चालवणारी व्यवस्था विकसित केली आहे. अशा घरातल्या दिव्याचा ड्रायव्हर साधा आणि दीर्घायुषी करता येतो, म्हणजे वर सांगितलेला सर्वांत कच्चा दुवाच सुटसुटीत होतो. नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांत हे शक्य आहे. जुन्या वायरिंगच्या घरात त्याचा खर्च वसूल होणे कठीण.

बल्बचा आकार मात्र जाईल. गोल काच आणि दोन पिनांचे बूड हे तारेच्या दिव्याच्या गरजेतून आले होते, एलईडीला त्याची गरज नाही. म्हणून नव्या फ्लॅटमध्ये छतात बसवलेले चपटे पॅनल दिसतात, आणि त्यांत दिवा व सांगाडा एकच असतो. इथे खरेदीदाराने सावध असावे. पन्नास रुपयांचा ड्रायव्हर गेला म्हणून सातशे रुपयांचे पॅनल फेकावे लागणे ही ऊर्जेचीही उधळपट्टी आहे, कारण अॅल्युमिनियम आणि चिप घडवताना खर्चलेली वीज वाचलेल्या विजेतून वजा करावी लागते. ड्रायव्हर वेगळा असून तारेने जोडलेला आहे का, आणि तो सुटा मिळतो का, हे दुकानात विचारून घ्यावे.

उजेड स्वस्त झाला की

वस्तू वापरायला स्वस्त झाली की ती जास्त वापरली जाते, आणि उजेडाच्या बाबतीत गोव्याने हे समुद्रावर पाहिले आहे. रात्री पाण्यावर तीव्र दिवे लावले की प्लवक आणि लहान मासे उजेडाकडे गोळा होतात, त्यांच्यामागे मोठे मासे येतात आणि पर्सीन जाळ्याने सारा थवा एकदम घेरता येतो. पूर्वी यासाठी जड जनरेटर आणि कित्येक किलोवॉटचे दिवे लागत. एलईडीने तोच उजेड लहान जनरेटरवर शक्य केला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या विशेष आर्थिक सागरी क्षेत्रात एलईडी लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली. तिची अंमलबजावणी होत नाही, ही गोव्यातील रापणकारांची तक्रार तेव्हापासून चालू आहे, कारण पिल्ले आणि मोठी मासळी एकत्रच उचलली गेल्यावर किनाऱ्याजवळ जाळे ओढणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही.

जमिनीवरही तेच झाले. जगभरातील नागरिकांनी केलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवर आधारलेला, २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशाचा उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. हा नेमका एलईडीच्या प्रसाराचा काळ आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. बाहेर पडलेली पिल्ले समुद्राच्या पृष्ठभागावरील मंद उजळ क्षितिजाकडे चालत जातात, आणि मागच्या शॅकचा (किनाऱ्यावरील उपाहारगृहाचा) किंवा रस्त्याचा पांढरा दिवा अधिक उजळ असेल तर उलट दिशेला वळतात. निळा-पांढरा प्रकाश त्यांना सर्वाधिक ओढतो, पिवळट-नारिंगी बराच कमी.

रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे वॉटमागे शंभराच्या आसपास लुमेन देत असत, म्हणजे उजेडाच्या हिशेबाने ते आजच्या साध्या एलईडीहून फार मागे नव्हते. त्यांच्या जागी एलईडी लावून वीज वाचते ती मुख्यतः प्रकाश हवा तिथेच टाकता येतो म्हणून, आणि तो हवा तेव्हा मंद करता येतो म्हणून. सोडियम दिवा चारही दिशांना सांडतो आणि एकदा विझला की पुन्हा पेटायला काही मिनिटे घेतो. एलईडी क्षणात मंद होतो आणि क्षणात पूर्ण उजळतो. पण उभे बसवलेले, आकाशाकडेही प्रकाश फेकणारे, रात्रभर पूर्ण शक्तीने जळणारे ६,००० केल्विनचे पथदिवे यांतील एकही फायदा घेत नाहीत. पथदिवे मागवताना ग्रामपंचायतीला निविदेत चार अटी घालता येतात: रंग ३,००० केल्विन किंवा त्याखाली आणि कासवांच्या किनाऱ्याजवळ नारिंगी, आडव्या रेषेच्या वर प्रकाश शून्य, मध्यरात्रीनंतर निम्म्या शक्तीवर जाण्याची सोय, आणि बदलता येणारा, लाट सोसणारा, खाऱ्या हवेसाठी बंदिस्त केलेला ड्रायव्हर. यांतील कोणत्याही अटीसाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. असे दिवे आज बाजारात उपलब्ध आहेत, आणि पहिल्या दोन अटींना तर जादा खर्चही फारसा येत नाही.